सुट्टीच्या दिवशी आधी काय भिजत घालायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवड्याला दोन दिवस सुट्टी. घराला लागून पाचेक गुंठे जमीन, त्यात भाजीचे वाफे करायची हौस. घरात नळ गळतोय, न्हाणीघरातल्या फटी भरायच्या राहिल्यात, एका दाराचा रंग उखडलाय. शिवाय पुढच्या आठवड्याचा स्वयंपाक थोडा तरी आधी करून ठेवायचाय. पहिल्या दिवशी सकाळी उत्साहाने सगळं काढलं जातं आणि दुसऱ्या दिवशी रात्री पाहावं तर प्रत्येक काम अर्धवट. 'यादी करतो, तरी पुरं होत नाही. क्रम कसा लावायचा? आणि किती वाफे घेऊ?'

वीस वर्षांपासून पाळीची नोकरी करून मी घर आणि शेताचा असाच एक तुकडा सांभाळते आहे. माझं उत्तर एवढंच आहे की यादी कामांची करू नका, थांबण्याच्या वेळांची करा.

प्रत्येक कामाला दोन वेळा असतात. एक हात लागण्याची आणि दुसरी वाट बघण्याची. राजमा भिजत घालायला दोन मिनिटं लागतात, भिजायला रात्र लागते. फटीत सिलिकॉन भरायला वीस मिनिटं पुरतात, पण ते पक्कं व्हायला साधारण 24 तास हवेत. टोमॅटोचं बी ट्रेमध्ये टाकायला पाच मिनिटं, उगवायला आठवडा. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या थराचा, हात मारायला अर्धा तास, वाळायला काही तास, मग घासणं, मग रंग. आपली यादी फक्त हातांचा वेळ मोजते आणि म्हणून कोसळते. वाट बघण्याचा वेळ आपल्याला कमी करता येत नाही, पण तो कधी सुरू करायचा हे पूर्णपणे आपल्या हातात असतं. ज्या कामांना जास्त थांबावं लागतं ती सगळ्यात आधी सुरू केली, की ती आपापली होत राहतात आणि मधल्या वेळात आपले हात दुसरीकडे मोकळे राहतात. घर, स्वयंपाक आणि शेती एकाच सुट्टीत बसतात ती अशीच. एकाच्या थांबण्यात दुसऱ्याचं काम.

त्यामुळे माझी सुट्टी आदल्या संध्याकाळी सुरू होते. कामावरून आल्यावर फक्त वीस मिनिटं. कडधान्य भिजत घालायचं. पाव करायचा असेल तर पीठ मळून, झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं. थंडीत यीस्ट सावकाश काम करतं आणि सकाळपर्यंत पीठ फुगतंही, चवही चांगली येते. फ्रीजरमधलं काही वापरायचं असेल तर ते खालच्या कप्प्यात आणून ठेवायचं. आणि ज्या वाफ्यात उद्या खणायचंय तो कोरडा ठणठणीत असेल तर त्याला आदल्या दिवशीच पाणी द्यायचं. हे शेवटचं सगळ्यात जास्त विसरलं जातं आणि त्याचीच किंमत दुसऱ्या दिवशी पाठीला मोजावी लागते.

माती खणायची ती वाफशावर, म्हणजे ती ना फार ओली ना कोरडी असताना, हे तुम्ही ऐकलं असेलच. वाफसा ओळखायची माझी रीत साधी आहे. खुरप्याने वीतभर खालची माती काढायची, मुठीत दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा झालाच नाही, भुगा सांडला, तर माती कोरडी. गोळा झाला आणि बोटाला ओल लागून चकाकला, तर फार ओली. गोळा झाला आणि अंगठ्याने जरा दाबताच फुटून दाणेदार विखुरला, तर फावडं घ्या. ओल्या मातीत घाईने खणलं किंवा नुसतं तुडवलं, तरी मातीच्या कणांमधल्या हवेच्या जागा मिटतात. वाळल्यावर ढेकळं दगडासारखी होतात आणि मुळांना वाट मिळत नाही. एका सुट्टीत पाऊस पडून गेल्यावर 'आज नाही तर पुन्हा आठवडा जाईल' म्हणून मी चिखलात तीन वाफे खणले होते. त्यातले दोन पुढच्या हंगामापर्यंत सुधारले नाहीत. माती तयार नसेल तर सुट्टी असली तरी खणायचं नाही. त्या दिवशी हात घरातल्या कामाला लावायचे. म्हणूनच शेतीचं काम ठरवताना पर्यायी काम हाताशी ठेवावं लागतं.

सकाळचे पहिले दोन-तीन तास बाहेरचे. ऊन चढायच्या आत कंपोस्टचा ढीग बघायचा, कारण सुट्टीच्या वेळापत्रकाशी याच्याइतकं जुळणारं शेतीत दुसरं काम नाही. ढीग आठवड्यातून एकदा उलथला तरी छान चालतो, आणि तुम्हालाही आठवड्यातून एकदाच वेळ आहे. सगळा माल एकदम जमा करून मीटरभर लांब, रुंद आणि उंच असा रचला तर तो स्वतःची ऊब धरून ठेवतो. त्याहून लहान ढिगाची उष्णता बाहेर निसटते. तोही कुजतो, पण फार सावकाश. आकारमानाने साधारण दोन ते तीन भाग सुका पालापाचोळा, काड्या, फाडलेला पुठ्ठा आणि एक भाग हिरवा माल, म्हणजे भाजीचे देठ, गवत, निंदण. कार्बन आणि नत्राचं प्रमाण 25 ते 30 ला 1 असावं असं जे सांगतात, ते या ढोबळ हिशेबाने पुरेसं साधतं.

माझ्याकडे दीड मीटरची एक लोखंडी सळई कायम ढिगात खुपसलेली असते. सकाळी बाहेर आलं की आधी ती उपसायची आणि जो भाग आत होता तो जपून हाताला लावून बघायचा. धरवत नसेल तर ढीग 55 ते 65 अंशांच्या आसपास आहे आणि उत्तम चाललाय. या तापमानाला काही दिवस राहिला तर तणाचं बरंचसं बी आणि रोगजंतू मरतात. नुसती कोमट लागली तर उलथायची वेळ झाली. फावड्याने बाहेरचं आत आणि आतलं बाहेर करताना ढीग स्वतःच बोलतो. आत पांढुरकी बुरशीची जाळी आणि वाफ दिसली तर सगळं ठीक. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालंय, सुका पाला घाला. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही. पाणी जास्त झालंय, काड्या घालून मोकळं करा. मूठभर माल घट्ट पिळल्यावर एक-दोन थेंब सुटावेत, धार लागू नये. हे सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचा आठवडाभर कोट्यवधी जिवाणू ते तुमच्या वतीने करत राहतात. मला या कामाचा आजही कंटाळा येत नाही. थंड सकाळी वाफाळणाऱ्या ढिगासमोर उभं राहणं हे माझ्या आठवड्यातलं सगळ्यात समाधानाचं दृश्य आहे.

आता घर. इथे एक नियम मी कधी मोडत नाही: ज्या कामासाठी पाणी किंवा वीज बंद करावी लागते, ते दुपारनंतर सुरू करायचं नाही. गळणाऱ्या नळाचं उदाहरण घ्या. कागदावर हे वीस मिनिटांचं काम आहे. आधी मेन कॉक बंद करायचा आणि नळ उघडून नळीतलं पाणी जाऊ द्यायचं. बेसिनच्या जाळीवर फडकं दाबून बसवायचं, नाहीतर पहिला स्क्रू तिथेच जातो. मग वरची मूठ काढायची, पान्याने स्पिंडल, म्हणजे मुठीखालची फिरणारी दांडी, सोडवायचा आणि निघेल तो भाग निघाला त्याच क्रमाने कपड्यावर डावीकडून उजवीकडे मांडत जायचा. स्पिंडलच्या टोकाला रबराचा छोटा वॉशर असतो, त्यावर चर पडलेली दिसेल. तो बदलला की बहुतेक वेळा गळती थांबते. पण वॉशर काढल्यावर कळतं की आपल्याकडचा मापाचा नाही. किंवा तो ज्यावर बसतो ती पितळी बैठकच खरबरीत झाली आहे. किंवा स्पिंडलचे आटे गेले आहेत. सकाळी दहा वाजता हे कळलं तर जुना भाग खिशात टाकून दुकानात जाता येतं. संध्याकाळी सात वाजता कळलं तर घरात रात्रभर पाणी नाही. जोडणीवर टेफ्लॉन टेप लावताना आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर जोड फिरवताना ती सुटून गोळा होते. आणि हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही. सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला 4 लिटरपेक्षा जास्त पाणी जातं.

वेळेचा अंदाज चुकतो म्हणून स्वतःला दोष देऊ नका. डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच माणसाच्या या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव देऊन ठेवलं होतं: आपण अंदाज बांधताना सगळं सुरळीत होईल असंच चित्र रंगवतो, आधी अशाच कामांना किती वेळ लागला होता ते आठवत नाही. 1994 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल असं विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज साधारण 34 दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले. यावर उपाय म्हणजे वही. प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा, वाटलेला वेळ आणि लागलेला वेळ. माझ्या वहीप्रमाणे स्वयंपाकात माझा अंदाज जवळपास बरोबर असतो, शेतात दीडपट लागतं आणि नळ, दारं, भिंती यांना सरळ दुप्पट. तीन-चार महिन्यांत तुमचेही आकडे तुम्हाला कळतील. मग घरदुरुस्तीचं एका सुट्टीत एकच काम घ्यावं असं तुमचं तुम्हालाच वाटेल.

सिलिकॉन आणि रंग यांच्या बाबतीत 'कधी' हे 'कसं' इतकंच महत्त्वाचं आहे. न्हाणीघराच्या फटी भरायच्या तर पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्यावर भरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत जवळजवळ पूर्ण अवधी मिळतो. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून, जागा पुसून, कोरडी करूनच नवं भरायचं. जुन्यावर नवं धरत नाही. दाराला जवसाच्या तेलाचं पॉलिश करणार असाल तर एक गोष्ट जिवावर बेतू शकते म्हणून ठासून सांगते. तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून वाळतं आणि तसं होताना तापतं. बोळ्यात ती उष्णता साठत जाते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काम संपलं की फडकी बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

स्वयंपाकाचा भाग मी मुद्दाम दुपारी ठेवते. ऊन असतं, बाहेरचं काम थांबलेलं असतं. आठवड्याचे सगळे पदार्थ आधी करून ठेवायच्या फंदात पडू नका; चौथ्या दिवशी ते नकोसे होतात. पदार्थ नव्हे, पदार्थाचा पाया करून ठेवा. शिजवलेलं कडधान्य, भाजलेल्या भाज्या, टोमॅटोचा आटवलेला रस, धुऊन कोरडी करून कपड्यात गुंडाळलेली पालेभाजी. यांतून रोज वेगळं काहीतरी वीस मिनिटांत होतं. फ्रिजमध्ये शिजवलेलं अन्न तीन-चार दिवस धरा, त्यापुढचं पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाका.

मोठ्या प्रमाणात शिजवताना खरा धोका थंड करण्यात असतो. 5 ते 60 अंशांच्या मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. रसाचं मोठं पातेलं ओट्यावर ठेवून तुम्ही वाफे बघायला गेलात, तर ते तासन्‌तास याच पट्ट्यात राहतं. चार-पाच सेंटिमीटर उंचीच्या पसरट भांड्यांत ओता, भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. भाताच्या बाबतीत तर हे काटेकोर पाळा. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढताना ते जे विष सोडतात, ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

राजम्याबद्दलही तेवढंच स्पष्ट सांगते, कारण सुट्टीच्या दिवशी मंद आचेवर दिवसभर शिजत ठेवायचा मोह होतो. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. मंद आचेच्या, 80 अंशांच्या आसपासच्या शिजण्याने ते नाहीसं होत नाही, उलट त्याचा त्रास वाढू शकतो. किमान पाच तास भिजवा, ते पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात आधी खळखळून उकळा. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन यासाठी अर्धा तास सांगतं. त्यानंतर हवा तितका मंद शिजू द्या.

वाफ्यातून एकदम जास्त भाजी आली तर मिठात आंबवणं हा मला सगळ्यात आवडणारा मार्ग आहे, कारण तोही वाट बघण्याचा आहे. किलोभर चिरलेल्या कोबीला 20 ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाच्या 2 टक्के. वजनकाट्यावरच मोजायचं, चमच्याने नाही. मिठाच्या दाण्याप्रमाणे चमच्यातलं वजन बदलतं. दहा मिनिटं चुरलं की कोबी स्वतःचंच पाणी सोडतो. बरणीत दाबून भरायचा आणि वर वजन ठेवून कोबी त्या पाण्याखाली बुडालेला राहील असं बघायचं. एक-दोन दिवसांत बुडबुडे दिसतात, आंबट वास येतो. पुढच्या सुट्टीला चव घ्यायची, त्यापुढच्या सुट्टीला आवडला तर फ्रिजमध्ये ठेवायचा. मात्र घरचा ताजा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायचा नाही. तेलाखाली हवा नसते, आंबटपणाही नसतो, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष तयार करणाऱ्या जिवाणूला नेमकं हेच हवं असतं. वास किंवा रंग बदलेलच असं नाही. तसं तेल केलंच तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवा.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी 'किती वाफे घेऊ' असं आहे. याचं उत्तर सुट्टीच्या दिवशी किती खणून होतं यावर नाही, कामाच्या दिवशी किती निभतं यावर आहे. हिशेब करून बघा. 8 मीटर लांब, सव्वा मीटर रुंद वाफा म्हणजे 10 चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात भाजीला दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरलं, आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, तर त्या एका वाफ्याला रोज 50 लिटर पाणी लागेल. 10 लिटरच्या झारीच्या पाच खेपा. सहा वाफे केलेत तर रोज तीस खेपा, त्याही कामावरून दमून आल्यावर. याच कारणाने बहुतेकांची शेती दुसऱ्या महिन्यात सुकते. तोच वाफा ठिबकवर घेतला, दोन लॅटरल म्हणजे वाफ्यावरून जाणाऱ्या बारीक नळ्या, त्यांवर दर 30 सेंटिमीटरला तासाला 2 लिटर सोडणारा ड्रिपर, तर 50 लिटर पाणी अर्ध्या तासात जातं आणि कॉक उघडणं-बंद करणं एवढंच काम उरतं. वर पाच ते आठ सेंटिमीटर जाड काडीकचऱ्याचं आच्छादन घाला, रोपाच्या बुंध्याला मात्र चिकटवू नका. मातीतला ओलावा टिकतो, तणही कमी उगवतं. म्हणून दोन वाफ्यांना ठिबक आणि आच्छादन झाल्याशिवाय तिसरा खणू नका. ठिबकचा फिल्टर दर सुट्टीला धुवा. तो तुंबला की रोपं कोमेजेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही.

दोन्ही दिवस संध्याकाळी पाच वाजता मी नवं काही सुरू करत नाही. पुढचा तास आवरण्याचा. खुरपी आणि फावडी धुऊन पुसायची, पात्याला तेलाचा बोळा फिरवायचा, ब्रश धुवायचे, काढलेले स्क्रू डबीत घालून डबीवर कोणत्या दाराचे ते लिहायचं. अर्धवट राहिलेल्या कामाची पुढची पायरी कोणती, ते एका ओळीत वहीत लिहायचं. 'दार' असं नाही. 'दाराचा खालचा भाग घासायचा, बारीक पॉलिश पेपर संपलाय' असं. ही ओळ नसेल तर पुढच्या सुट्टीचा पहिला तास 'आपण कुठे होतो' हे शोधण्यात जातो, आणि भिजत पडलेलं घोंगडं तिथेच राहतं.

या येत्या सुट्टीपुरतं सांगायचं तर आदल्या संध्याकाळी राजमा भिजवा आणि एकाच वाफ्याला पाणी द्या. पहिल्या दिवशी सकाळी तो वाफा, मग दहाच्या आत नळ. दुपारी राजमा आणि टोमॅटोचा रस. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की फटी. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपोस्टचा ढीग रचा, आणि दुपार मोकळी ठेवा. नळाचं राहिलं तर ती लागेल, नाही राहिलं तर झोपा. दाराचा रंग या खेपेला काढू नका.